विक्काची चार तत्त्वं नेमकी कुणाची?

ऑक्टोबर सरत आला, हॅलोविनच्या भोपळ्यांची चित्रं फिरू लागली, की विक्का या आधुनिक पेगन (ख्रिस्तीपूर्व देवदेवतांना मानणाऱ्या) पंथाबद्दलचा एक वाद दरवर्षी नव्यानं सुरू होतो. विक्काच्या विधीत जमिनीवर वर्तुळ आखतात आणि त्याच्या चार दिशांना चार तत्त्वांचं आवाहन करतात. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी. ही मांडणी किती जुनी? पंथाचे अनेक अनुयायी सांगतात की ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या युरोपातल्या सुईणींनी आणि जाणत्या बायांनी छळ सोसून ती जपली. विरोधक सांगतात की जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त ब्रिटिश कस्टम्स अधिकाऱ्यानं १९५० च्या आसपास हे सगळं स्वतः रचलं. मराठी वाचकांत हमखास तिसरा सूर लागतो, की ही तर आपलीच पंचमहाभूतं, आकाश तेवढं वाटेत गळालं. तिघांच्याही हातात सत्याचा एकेक तुकडा आहे. पण चार निरनिराळ्या वयांच्या गोष्टींना एकच वय द्यायचं आणि मग त्या वयावरून भांडायचं, ही चूक तिघंही करतात.

त्या चार गोष्टी आधी सुट्या केल्या पाहिजेत. चार दिशांना वंदन करण्याचे विधी फार जुने आहेत आणि जगात जवळपास सगळीकडे सापडतात. पृथ्वी-आप-तेज-वायू ही युरोपातली चौकडी सुमारे अडीच हजार वर्षांची आहे आणि ती ग्रीक तत्त्वज्ञानाची आहे. अमुक दिशेला अमुक तत्त्व ही सांगड ग्रंथकारांनी घातली, तीही एकाहून अधिक प्रकारांनी. आणि दिशा, तत्त्व, हातातलं साधन यांची आज विक्काच्या पुस्तकांत दिसते ती मांडणी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस आणि लंडनमध्ये आकाराला आली. माझं म्हणणं असं की विक्काची चार तत्त्वं चेटकिणींच्या झोपडीतून आलेली नाहीत. ती विद्यापीठ, वैद्यकी आणि चर्च यांच्या वाटेनं आली, आणि विज्ञानानं त्यांना निरोप दिल्यानंतरच ती ‘गूढ’ झाली. ही वंशावळ बनावट नाही. मात्र जी सांगितली जाते, ती ही नव्हे.

प्रत्यक्ष विधी जवळून पाहिला की थर दिसू लागतात. गार्डनरच्या परंपरेतलं वर्तुळ ९ फूट व्यासाचं, म्हणजे साधारण पावणेतीन मीटरचं. चारही दिशांना एकेक मेणबत्ती. वेदीवर पाण्याची वाटी, मीठ, धुपाटणं आणि काळ्या मुठीचा सुरा, ज्याला ‘अथामे’ म्हणतात. आधी सुऱ्याचं टोक पाण्याला लावून पाण्यातली अशुद्धी घालवायची, मग मिठाला आशीर्वाद द्यायचा, मीठ पाण्यात सोडायचं आणि ते पाणी वर्तुळभर शिंपडायचं. यात जल आणि पृथ्वी आली. मग पेटत्या कोळशावर धूप टाकून धुपाटणं फिरवायचं. यात अग्नी आणि वायू आले. शेवटी प्रत्येक दिशेला उभं राहून सुऱ्यानं हवेत पंचकोनी तारा काढायचा आणि त्या दिशेच्या ‘टेहळणी बुरुजांच्या अधिपतींना’ हाक मारायची. सगळं सूर्याच्या चालीनं, पूर्वेकडून दक्षिणेकडे.

यातला एकेक तुकडा कुठला हे आज बऱ्यापैकी ठाऊक आहे. ‘हे जलरूपी सृष्टी, मी तुला शुद्ध करतो’ ही पाण्या-मिठाची शब्दरचना रोमन कॅथलिक चर्चच्या पवित्र जल तयार करण्याच्या विधीतली आहे. १६१४ च्या ‘रितुआले रोमानुम’ या अधिकृत पोथीत ती छापलेली आहे आणि तिची मुळं त्याहून कितीतरी जुन्या चर्चविधींत जातात. तिथे आधी मिठाची आणि मग पाण्याची शुद्धी होते, आणि मीठ क्रुसाच्या आकारात पाण्यात पडतं. काळ्या मुठीचा सुरा, दोरी लावून आखलेलं वर्तुळ आणि त्यातली ९ फुटांची मोजणी ‘की ऑफ सॉलोमन’ या मंत्रग्रंथातली. टेहळणी बुरुज आले जॉन डी आणि एडवर्ड केली यांच्याकडून. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या या दोघांनी १५८४ मध्ये क्राकूव्हमध्ये पाहिलेल्या दृष्टान्तांतून चार बुरुजांची कल्पना नोंदवली. डी हा गणितज्ञ होता आणि इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांपैकी एक त्याच्या घरी होता. गावकुसाबाहेरची म्हातारी या यादीत कुठे दिसते?

मूळ चौकडीकडे येऊ. सिसिलीतल्या अक्रागास शहराचा एम्पिदोक्लिस, इसवी सनापूर्वी ५ वं शतक. त्याच्याआधी थेलीसनं पाणी, अॅनॅक्झिमिनीसनं हवा, हेराक्लायटसनं अग्नी असं एकेकच मूलद्रव्य धरलं होतं. एम्पिदोक्लिसनं चार ‘मुळं’ सांगितली, त्यांना झ्यूस, हेरा, आयदोनिअस आणि नेस्टिस ही दैवी नावं दिली, आणि प्रेम व कलह या दोन शक्ती त्यांना जोडतात-तोडतात असं काव्यात मांडलं. विक्काचे अनुयायी इथे एक रास्त मुद्दा काढतात, की देवांची नावं दिली म्हणजे हे पेगन धर्माचंच चिंतन झालं की नाही? झालं, आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. एम्पिदोक्लिस स्वतःला वैद्य आणि सिद्धपुरुष समजत असे. त्याच्याकडे भौतिकशास्त्र आणि धर्म अशी फाळणी नव्हती. पण त्याच्या तत्त्वांना ठरलेल्या दिशा नाहीत, साधनं नाहीत, वर्तुळही नाही. पुढे प्लेटोनं प्रत्येक तत्त्वाला भौमितिक घनाकृती दिली. अग्नीला चार पृष्ठांची, पृथ्वीला घन, हवेला आठ पृष्ठांची आणि पाण्याला वीस पृष्ठांची. अॅरिस्टॉटलनं उष्ण-शीत आणि कोरडं-ओलं या दोन जोड्यांतून चौघांना बांधलं. अग्नी उष्ण-कोरडा, हवा उष्ण-ओली, पाणी शीत-ओलं, पृथ्वी शीत-कोरडी. या बांधणीमुळेच तत्त्वं एकमेकांत बदलू शकतात हे समजावता येऊ लागलं, आणि पुढची दोन हजार वर्षं ती टिकली.

या वादात जवळपास कुणीच बोलत नाही असा मुद्दा इथेच आहे. ती दोन हजार वर्षं चार तत्त्वं म्हणजे गुप्तविद्या नव्हती, शाळेत शिकवायचा विषय होता. रोमन काळातला ग्रीक वैद्य गेलन याच्या वैद्यकात रक्त, पिवळं पित्त, काळं पित्त आणि कफ हे चार रस अनुक्रमे हवा, अग्नी, पृथ्वी आणि पाणी यांच्या गुणांचे. औषधी वनस्पतींची उष्णता-शीतलता एक ते चार अंशांत मोजली जाई, आणि याच गुणांवरून रक्त काढायला शीर कुठे तोडायची, काय खायचं हे ठरे. हे ज्ञान अरबी अनुवादांतून सावरलं गेलं, तिथून लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बसलं. आपल्याकडे याचं जिवंत रूप बघायचं असेल तर युनानी वैद्यकीकडे बघावं. दम, बलगम, सफरा, सौदा हे चार रस आणि त्यांच्यामागची चार तत्त्वं हकीम आजही शिकतात, आयुष मंत्रालयाच्या मान्यतेनं शिकतात. युनानी दवाखान्याला कुणी जादूटोण्याचा अड्डा म्हणत नाही, कारण ही चौकडी तिथे वैद्यकशास्त्राच्या रांगेतून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. युरोपातही ती त्याच रांगेतून आली होती.

म्हणजे १६ व्या-१७ व्या शतकांत, चेटूक केल्याच्या आरोपाखाली हजारो माणसं, त्यातही बहुसंख्य स्त्रिया, मारल्या जात असताना चार तत्त्वं कोणाच्या बाजूला होती? न्यायाधीशांच्या, वैद्यांच्या, धर्मपंडितांच्या. ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं १३ व्या शतकात लिहिलं की देवदूत हवा घट्ट करून शरीर धारण करतात, आणि पुढच्या दैत्यशास्त्र्यांनी तोच नियम सैतानाला लावून चेटकिणींशी त्याचा संग ‘शक्य’ ठरवला. तत्त्वांचं शास्त्र आरोपपत्रातच वापरलं जात होतं. मारल्या गेलेल्या बायांनी हे ज्ञान छातीशी धरून वाचवलं असं म्हणणं म्हणजे छळणाऱ्यांचा सिद्धान्त छळल्या गेलेल्यांच्या नावावर चढवणं आहे. त्या बायांच्या स्मृतीबद्दल खरा आदर असेल, तर हे आपल्याला टोचायला हवं.

मग ही चौकडी गूढ कधी झाली? रॉबर्ट बॉईलनं १६६१ मध्ये ‘स्केप्टिकल किमिस्ट’मध्ये चार तत्त्वांवर आणि किमयागारांच्या तीन तत्त्वांवर शंकांचा भडिमार केला. १७८० च्या दशकात पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचं संयुग आहे हे सिद्ध झालं. १७८९ मध्ये लाव्हॉझिएनं आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात ३३ साध्या पदार्थांची यादी दिली. त्यात पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी यांपैकी एकही जुन्या अर्थानं उरलं नाही. पुढे दोन-तीन पिढ्यांत गेलनचं वैद्यकही मागे पडलं. शास्त्रानं रिकामी केलेली जागा आता प्रतीकांसाठी मोकळी झाली. जे सर्वांचं होतं ते नाकारलं गेलं, आणि नाकारलं गेल्यामुळेच ते जाणकारांचं राखीव ज्ञान म्हणून सांगता येऊ लागलं.

हे काम सगळ्यात प्रभावीपणे केलं पॅरिसचा गूढविद्येचा लेखक एलिफास लेव्ही यानं. १८५४ ते १८५६ या काळात आलेल्या त्याच्या उच्च जादूवरच्या ग्रंथात ‘चौघांचं आवाहन’ असं प्रकरण आहे. त्यात भूमीचे ‘नोम’ उत्तरेला, अग्नीचे सॅलमँडर दक्षिणेला, वायूच्या सिल्फ पूर्वेला आणि जलाच्या उंडाइन पश्चिमेला आहेत. ही चार जातींची तत्त्वभूतं त्यानं १६ व्या शतकातला वैद्य पॅरासेल्सस याच्याकडून घेतली. पॅरासेल्ससचं त्यावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये छापलं गेलं होतं. आजच्या विक्का वर्तुळातल्या दिशा जशाच्या तशा इथे आहेत. पण साधनं बघा. लेव्हीकडे भूमीला तलवार, अग्नीला कांडी, वायूला पेंटॅकल म्हणजे चिन्हं कोरलेली तबकडी, आणि जलाला चषक. १८८८ मध्ये लंडनमध्ये वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन यांनी ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची संस्था काढली, आणि तिच्या मांडणीत पेंटॅकल पृथ्वीकडे, खंजीर वायूकडे गेला. कांडी अग्नीची आणि चषक जलाचा राहिला. तीस-चाळीस वर्षांत निम्मी साधनं हलली. अनादी काळापासून चालत आलेली गोष्ट अशी हलते का?

दिशांचीही तीच कथा. कॉर्नेलियस अग्रिप्पाच्या १५३३ च्या गूढ तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात चार या संख्येची एक मोठी सारणी आहे. तीत पूर्वेला अग्नी, पश्चिमेला वायू, उत्तरेला जल आणि दक्षिणेला पृथ्वी. त्याचं कारण ज्योतिषात आहे. मेष अग्निराशी म्हणून पूर्व अग्नीची, तूळ वायुराशी म्हणून पश्चिम वायूची. गोल्डन डॉनच्या मंडळींना ही राशींची मांडणी माहीत होती, ती त्यांनी एका कामासाठी ठेवलीही, आणि दुसऱ्या कामासाठी वाऱ्यांच्या गुणांवर आधारलेली मांडणी वापरली. विक्कात आली ती वाऱ्यांची. पूर्वेला वायू ‘निसर्गतःच’ आहे असं कुणी सांगू लागलं, तर निसर्गानं अग्रिप्पाला वेगळं का सांगितलं, हे विचारायला हवं.

गार्डनरपर्यंतचा पुढचा रस्ता आखूड आहे. मॅथर्सनंच १८८९ मध्ये ‘की ऑफ सॉलोमन’ इंग्रजीत आणलं. इस्रायल रेगार्डीनं १९३७ ते १९४० या काळात गोल्डन डॉनचे विधी चार खंडांत छापून खुले केले. गार्डनरच्या सांगण्यानुसार त्याला १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गटानं दीक्षा दिली. १९४७ मध्ये तो जादूविद्येवर लिहिणारा इंग्रज लेखक अॅलिस्टर क्राउली याला भेटला. १९४९ मध्ये टोपणनावानं कादंबरी लिहून त्यानं विधींची पहिली झलक दिली. १९५१ मध्ये १७३५ चा चेटूकविरोधी कायदा रद्द झाला, आणि १९५४ मध्ये ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. त्याची प्रस्तावना मार्गारेट मरे यांची होती. चेटकिणी म्हणजे पेगन धर्माच्या लपलेल्या अनुयायी, हा सिद्धान्त त्यांनीच १९२१ मध्ये मांडला होता. पुढच्या इतिहासकारांनी त्यांची साधनं तपासली तेव्हा खटल्यांतले जबाब सोयीनं कापून घेतलेले आढळले, आणि तो सिद्धान्त उरला नाही.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट मुद्दे. पहिला असा, की खेड्यातली निरक्षर माणसं काही लिहून ठेवत नव्हती, मग पुरावा नाही म्हणजे परंपरा नव्हती असं कसं म्हणता? आक्षेप खरा आहे. पण खेड्यांतले मंत्र आणि उपचार आपल्याला अजिबात ठाऊक नाहीत, असंही नाही. इंग्लंडमध्ये ११ व्या शतकातल्या हस्तलिखितात नापीक शेतावरचा एक विधी आहे, ‘अॅकरबॉट’ नावाचा. पहाटेआधी शेताच्या चार बाजूंची चार ढेकळं गवतासकट उचलायची आणि ती कशी होती त्याची खूण ठेवायची. त्यांच्या मुळांवर तेल, मध, यीस्ट आणि शेतातल्या प्रत्येक गुराचं दूध घालायचं. तिथल्या झाडांचा आणि वनस्पतींचा अंश ठेवायचा, वर पवित्र जल शिंपडायचं. मग ती चर्चमध्ये नेऊन हिरवी बाजू वेदीकडे करून त्यांच्यावर चार प्रार्थनाविधी करवून घ्यायचे आणि सूर्यास्ताआधी परत आणून बसवायची. पूर्वेकडे तोंड करून नऊ वेळा वाकायचं, सूर्याच्या चालीनं तीनदा फिरायचं. नांगर धरताना ‘एर्के, एर्के, एर्के, भूमाते’ अशी हाक.

हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, आणि विक्काच्या बाजूनं याहून चांगला क्वचितच सापडेल. चार बाजू आहेत, सूर्याची चाल आहे, भूमाता आहे. पण चार तत्त्वं कुठे आहेत? चारही ढेकळं मातीचीच. त्यांच्यासोबत पुरायच्या लाकडी क्रुसांवर नावं लिहायची ती मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. म्हणजे चार दिशांचा विधी लोकपरंपरेत होता, आणि त्या चारांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्यानं बायबलमधले शुभवर्तमानकार निवडले. एम्पिदोक्लिसची चौकडी त्याच्या हाताशी नव्हती.

इतरत्रही हेच दिसतं. स्कॉटलंडमधली इझोबेल गाउडी चेटकाच्या आरोपावरच्या १६६२ च्या आपल्या जबाबात वारा उठवण्याची रीत सांगते. चिंधी ओली करायची, धुण्याच्या मोगरीनं ती दगडावर आपटायची आणि सैतानाच्या नावानं तीनदा मंत्र म्हणायचा. वारा आहे, पाणी आहे, पण चार तत्त्वांची व्यवस्था नाही. उत्तर इटलीतल्या फ्रिउलीचे ‘बेनंदान्ती’ म्हणवणारे गावकरी १५७५ पासूनच्या चर्चच्या चौकशीत सांगतात की वर्षातून चार वेळा ते आत्म्यानं बाहेर पडून बडीशेपेचे दांडे घेऊन पिकांसाठी लढतात, आणि चेटके त्यांच्यावर ज्वारीच्या दांड्यांनी चाल करतात. चार वेळा कारण चर्चच्या उपासाचे आठवडे चार. केल्टांकडे तर संख्या वेगळीच निघते. आकाश कोसळेल, भूमी दुभंगेल, समुद्र चढून येईल ही आयरिश शपथ तिनांची आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो म्हणतो की ड्रुइडांच्या, म्हणजे केल्टांच्या पुरोहितांच्या, मते एक दिवस अग्नी आणि पाणी यांचीच सत्ता होईल. ते झाले दोन.

आयर्लंडमधून एक तगडा प्रतिवाद येतो. तुआथा दे दानान या देवकुळाचे चार खजिने म्हणजे शिळा, भाला, तलवार आणि कढई. विक्काच्या चार साधनांशी यांचं साम्य नाकारता येत नाही. पण ज्या मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत हे खजिने आहेत, तिथे त्यांचा तत्त्वांशी संबंध सांगितलेला नाही. त्यांना चार तत्त्वांच्या चौकटीत बसवण्यात पुढाकार घेतला तो कवी येट्ससारख्यांनी, आणि येट्स १८९० पासून गोल्डन डॉनचा सदस्य होता. ज्या चौकटीनं साम्य शोधलं, तीच चौकट त्या साम्याचा पुरावा म्हणून पुढे केली जाते.

दुसरा बळकट मुद्दा ‘कनिंग फोक’चा, म्हणजे इंग्लंडमधल्या गावोगावच्या मांत्रिक-वैदूंचा. त्यांच्याकडे पुस्तकं होती, हे सिद्ध आहे. रेजिनॉल्ड स्कॉटनं १५८४ मध्ये जादूचा फोलपणा दाखवायला लिहिलेलं पुस्तकच त्यातल्या मंत्रांसाठी वापरलं जाऊ लागलं. अग्रिप्पा १६५१ मध्ये इंग्रजीत आला, आणि १८०१ मध्ये फ्रान्सिस बॅरेटनं तो जवळपास तसाच उचलून पुन्हा छापला. तेव्हा चार तत्त्वं खेड्यात पोहोचलीच नसतील असं मी म्हणत नाही. पोहोचली, पण छापखान्यातून. हा मुद्दा मान्य केला की माझीच बाजू पक्की होते.

आणि ‘गार्डनरनं बनवलं’ म्हणणाऱ्यांचं काय? त्यांची चूक उलट दिशेची आहे. या विधीतली एकही महत्त्वाची वीट गार्डनरनं भाजलेली नाही. पाण्या-मिठाचे शब्द, वर्तुळ, बुरुज, तत्त्वभूतं, दिशा, सगळं त्याच्या आधीचं. त्यानं वेगळं केलं ते एवढंच, की विखुरलेलं एकत्र आणलं आणि त्याचा रोख बदलला. ‘की ऑफ सॉलोमन’मध्ये वर्तुळ साधकाचं बाहेरच्या आत्म्यांपासून रक्षण करतं. गार्डनर म्हणतो की चेटकिणींचं वर्तुळ आत जागवलेली शक्ती सांडू नये म्हणून असतं. हा बदल लहान नाही. हाक मारून दाबात ठेवायच्या भूतांची जागा सन्मानानं बोलावलेल्या पाहुण्यांनी घेतली, आणि माझ्या मते विक्काची खरी नवनिर्मिती इथेच आहे. जुन्या सामग्रीतून नवी परंपरा उभी राहण्यात लाजण्यासारखं काही नसतं. वेल्श कवी योलो मोर्गानुग यानं १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर ‘प्राचीन ड्रुइडांची’ म्हणून भरवलेली कवींची सभा त्याच्या कल्पनेतली होती हे वेल्समध्ये आज उघडपणे मान्य आहे, आणि तरी राष्ट्रीय काव्यमहोत्सवातला तिचा मान कमी झालेला नाही.

राहिला भारताचा दावा. तो हसून सोडून देण्यासारखा नाही. तैत्तिरीय उपनिषदात आकाश, वायू, अग्नी, आप, पृथ्वी अशी क्रमानं पाच आहेत. छांदोग्यात तेज, आप आणि अन्न ही तीनच. बौद्धांची महाभूतं चार, चार्वाकांची चार. म्हणजे ‘आपली पाच, त्यांची चार’ ही विभागणीच कच्ची आहे. इसवी सनापूर्वी ६ व्या-५ व्या शतकांत इराणी साम्राज्य आयोनियापासून सिंधूपर्यंत पसरलं होतं, तेव्हा कल्पनांची ये-जा अशक्य नव्हती. पण शक्यता म्हणजे पुरावा नाही, आणि दोन्हीकडची अंतर्रचना वेगळी आहे. आपल्याकडे भूतं शब्द-स्पर्श-रूप-रस-गंध या इंद्रियविषयांशी जोडलेली, ग्रीकांकडे उष्ण-शीत आणि कोरडं-ओलं यांच्याशी. दिशाही जुळत नाहीत. आपल्या दिक्पालांत अग्नी पूर्व-दक्षिणेच्या कोपऱ्यात आणि वायू उत्तर-पश्चिमेच्या कोपऱ्यात. पश्चिमेचा वरुण तेवढा विक्काच्या जलाशी जुळतो. एका जुळणीवर वंशावळ उभी राहत नाही.

तरीही भारताचा एक खरा धागा या गोष्टीत आहे, आणि तो मुंबईतून जातो. थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येच्या संस्थेचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक मुंबईतूनच सुरू झालं. पुढे संस्था मद्रासजवळच्या अड्यारला गेल्यानंतर राम प्रसाद यांचे स्वरशास्त्र (श्वासाचं शास्त्र) आणि तत्त्वांवरचे लेख याच मासिकात आले, मग त्यांचं इंग्रजी पुस्तक झालं, आणि ते गोल्डन डॉननं उचललं. गोल्डन डॉनच्या मंडळींनी पाच ‘तत्त्वां’चे चित्रपत्ते केले. पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा लाल त्रिकोण, वायूचं निळं वर्तुळ, आकाशाचं गडद अंडाकृती चिन्ह. एका चिन्हात दुसरं छोटं चिन्ह घालून एकूण २५. पत्त्याकडे एकटक बघायचं, मग नजर कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर वळवायची. डोळ्याला तोच आकार विरुद्ध रंगात दिसतो, पिवळ्याचा जांभळट होतो. ती प्रतिमा दार समजून मनानं आत शिरायचं. हे भारतातून गेलं यात शंका नाही. पण गेलं ते ध्यानाच्या अभ्यासात. वर्तुळाच्या दिशा आणि साधनं त्याआधीच लेव्ही-अग्रिप्पाच्या वाटेनं येऊन बसली होती.

हे सगळं मान्य करूनही कुणी म्हणेल, उगम कुठलाही असो, विधी करणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो? पडतो, आणि अगदी हातातल्या सुऱ्यापर्यंत पडतो. अथामे अग्नीचा की वायूचा, यावरून विक्काच्या गटांत अनेक दशकं भांडणं आहेत. काही गट गोल्डन डॉनप्रमाणे सुरा वायूला आणि कांडी अग्नीला देतात. काही जण सुरा भट्टीतून येतो म्हणून अग्नीला आणि कांडी वाऱ्यात डोलणाऱ्या फांदीची म्हणून वायूला देतात. ‘मूळ’ कोणतं हे शोधत बसलं तर निकाल लागत नाही, कारण लेव्हीकडे सुरा-तलवारीचं तत्त्व पृथ्वी होतं. आपल्या गटात कोणतं कारण पटतं हे ठरवून दिशा आणि साधनं एकाच तर्कानं लावली, तर विधी सुसंगत होतो. पूर्व एका पुस्तकातून आणि सुरा दुसऱ्यातून घेतला, की पूर्वेला उभं राहून अग्नीच्या साधनानं वायूला हाक मारली जाते आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो.

ऑस्ट्रेलियात प्रश्न आणखी मूलभूत झाला. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि त्याची चाल पूर्व-उत्तर-पश्चिम अशी. इंग्लंडची पोथी तशीच चालवली तर अग्नी सावलीच्या बाजूला जातो, आणि ‘सूर्याच्या चालीनं’ म्हणत माणसं सूर्याच्या उलट फिरतात. ज्यांना दक्षिण-अग्नी ही सांगड उत्तर गोलार्धातल्या ग्रंथकारांनी घातली हे ठाऊक होतं, अशा अनेक गटांनी अग्नी उत्तरेला आणि पृथ्वी दक्षिणेला नेली, वर्तुळ डावीकडून फिरवायला सुरुवात केली, आणि काम पुढे चालू ठेवलं. गार्डनरच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंटे यांनीही असंच केलं होतं. १९५३ मध्ये दीक्षा घेतल्यावर गार्डनरच्या पोथीत क्राउलीच्या ओळी त्यांनी ओळखल्या आणि त्याला तसं सांगितलं. तुला याहून चांगलं जमत असेल तर कर, असं उत्तर आलं. त्यांनी त्या ओळी काढल्या, स्वतः लिहिलं, आणि देवीच्या मुखातून बोलणारा त्यांचा तो गद्य मजकूर आज इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या वर्तुळांत म्हटला जातो.